व्यत्यय आणि ढवळाढवळ

एकाच इंग्रजी शब्दासाठी मराठीत कधी कधी दोन शब्द सापडतात आणि त्या दोहोंतून एकाची निवड करताना आपण नकळत न्यायनिवाडाही करून बसतो. एखाद्या कामात अडथळा आला तर आपण ‘व्यत्यय आला’ असे म्हणतो. पाऊस येतो, पाहुणे येतात, तसा व्यत्ययही येतो. त्याला कर्ता असलाच पाहिजे असे नाही. परंतु ‘ढवळाढवळ’ येत नाही, ती कोणीतरी करते. हा शब्द उच्चारला की समोर आरोपी उभा राहतो. रेडिओलहरींच्या शास्त्रात ज्याला इंग्रजीत ‘इंटरफिअरन्स’ म्हणतात, त्याला यांपैकी कोणता शब्द योजावा, हा प्रश्न वरवर परिभाषेचा वाटेल. आमच्यापुरता तो नीतीचा प्रश्न ठरला. तो कसा, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९८७ सालची गोष्ट. हैदराबादेत आमच्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आणि त्यांचे तेलुगु, कानडी, उर्दूभाषक शेजारी अशी आमची मिश्र वसाहत होती. त्या वर्षी जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि रविवारच्या सकाळी रस्ते ओस पडू लागले. ज्यांच्या घरी संच होता त्यांच्याकडे अर्धी गल्ली जमे. अशाच एका रविवारी पडद्यावर तिरप्या रेघांची जाळी पसरली आणि संवादांत मधूनमधून कोणीतरी बदकासारखे बोलू लागले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच घडले. त्याच सुमारास आमच्या घरी भरलेल्या मासिक वाचनसभेत, एका ज्येष्ठ सभासदांचा निबंध रंगात आला असताना, ध्वनिक्षेपकातून तोच अगम्य आवाज उमटला. वाचक थांबले, श्रोते हसले, आणि आम्ही संतापलो.

आरोपी शोधावा लागला नाही. तीन घरे पलीकडे एका सरकारी कारखान्यातील अभियंता राहत असत. त्यांच्या गच्चीवर उंच लोखंडी खांब होता आणि खांबाच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियमच्या आडव्या दांड्यांचा मोठा सांगाडा होता. ते हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम होते. सरकारची परीक्षा देऊन, मोर्स संकेतलिपी शिकून, ‘व्हीयू’ने सुरू होणारे स्वतःचे संकेतनाम मिळवून घरबसल्या देशोदेशीच्या समानधर्मीयांशी बोलणे हा त्यांचा छंद. छंद हाच शब्द नेमका आहे, कारण या परवान्यावर व्यापार करता येत नाही, जाहिरात करता येत नाही, संगीत प्रक्षेपित करता येत नाही. आपल्याकडे १९७८ च्या हौशी सेवाविषयक नियमांनी या मर्यादा आखून दिल्या होत्या. परंतु हे सारे आम्हांस पुढे कळले. त्या वेळी आम्हांस फक्त खांब दिसत होता.

वसाहतीच्या समितीकडे तक्रारअर्ज गेला. त्यावर एकोणीस घरांच्या सह्या होत्या, आणि अर्जाचा मसुदा आमच्या हातचा होता, कारण वसाहतीत ‘लिहिणारे’ म्हणून आमचीच ख्याती होती. त्या मसुद्यात ‘व्यत्यय’ हा शब्द नव्हता. ‘ढवळाढवळ’ होता, आणि त्यामागे ‘हेतुपुरस्सर’ हे विशेषणही होते. हे विशेषण आम्ही कोणत्या आधारावर लिहिले, हे आज आठवून पाहतो तेव्हा एकच उत्तर मिळते: वाक्य त्यामुळे भारदस्त झाले होते.

समितीने खांब पंधरा दिवसांत उतरविण्याची सूचना दिली. शेजाऱ्यांनी वाद घातला नाही. त्यांनी एका रविवारची मुदत मागितली आणि त्या दिवशी एक कापडी पिशवी घेऊन ते सह्या करणाऱ्यांच्या घरोघरी गेले. आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा मुलगा घरी प्रक्षेपकापाशी बसला होता आणि ठरलेल्या वेळी वडिलांच्या देखरेखीतले चाचणीचे संकेत सोडत होता. शेजाऱ्यांनी आमचा ध्वनिवर्धक सुरू करावयास सांगितले. आवाज आला. त्यांनी ध्वनिक्षेपकाकडे जाणारी तार ध्वनिवर्धकापासून सोडवली, तेथे कर्णश्रवणी जोडली. आवाज नाहीसा झाला. मग त्यांनी तारेची लांबी मोजली. ओसरीपर्यंत नेलेली ती तार सतरा फूट भरली. “आपण या तारेचा उपयोग ध्वनिक्षेपकासाठी करता,” ते त्यांच्या हिंदीत म्हणाले, “पण तिला ते ठाऊक नाही. ती आपली अँटेना झाली आहे.”

त्यांनी जे समजावून सांगितले ते सामान्य वाचकासही कळण्याजोगे आहे. ते ज्या १४ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलत, त्यातील एका लहरीची लांबी सुमारे २१ मीटर असते. तिचा चतुर्थांश सव्वापाच मीटर, म्हणजे सतरा फूट. आमची तार योगायोगाने नेमकी तेवढीच होती. अशा तारेत लहरी सहज उतरतात, तिच्यावाटे ध्वनिवर्धकात शिरतात आणि तेथील ट्रान्झिस्टरच्या सांध्यापाशी त्यांचे एकदिशीकरण होऊन त्यांतून ऐकू येणारा आवाज उमटतो. म्हणजे ध्वनिवर्धक, कोणी सांगितलेले नसताना, रेडिओचे काम करू लागतो. आवाज बदकासारखा येतो, कारण हॅम ज्या एकपट्टी पद्धतीने बोलतात ती उलगडण्याची सोय आमच्या बिचाऱ्या ध्वनिवर्धकात नव्हती. शेजाऱ्यांनी पिशवीतून फेराइटचे एक काळे कडे काढले, आमच्या तारेचे आठ-दहा वेढे त्याच्यावर घेतले आणि ते ध्वनिवर्धकाजवळ बसवले. मुलाने पुन्हा संकेत सोडले. ध्वनिक्षेपक मूकच राहिला.

दूरदर्शन संचांची कथा थोडी निराळी होती. येथे दोन शक्यता असतात आणि नीतीच्या दृष्टीने त्यांतील भेद मोठा आहे. पहिली शक्यता अशी की प्रक्षेपक आपल्या मूळ लहरीबरोबर तिच्या पटीतल्या लहरीही सोडत आहे. त्या काळी दूरदर्शनच्या तिसऱ्या वाहिनीचा पट्टा ५४ ते ६१ आणि चौथीचा ६१ ते ६८ मेगाहर्ट्‌झ असा होता. १४ ची चौपट ५६ आणि २१ ची तिप्पट ६३ होते, म्हणजे प्रक्षेपकात योग्य गाळणी नसेल तर हॅमचा कचरा थेट शेजाऱ्याच्या पडद्यावर पडतो. हा दोष निःसंशय हॅमचा. दुसरी शक्यता अशी की प्रक्षेपक स्वच्छ आहे, परंतु ग्राहक संच किंवा त्याला जोडलेला ‘बूस्टर’ जवळच्या बलवान लहरीपुढे गोंधळून जातो, नको ते बाहेर ठेवण्याची शक्ती त्याच्यात नाही. हा दोष संचाचा. पडद्यावरच्या रेघांवरून यातले नेमके काय घडले हे पाहणाऱ्यास कळत नाही. शेजाऱ्यांचा स्वतःचा दूरदर्शन संच प्रक्षेपकापासून दहा फुटांवर होता आणि त्यावर एकही रेघ उमटत नव्हती. ज्या घरांत रेघा येत होत्या त्यांतील बहुतेकांच्या गच्चीवर स्वस्तातले बूस्टर होते. आमच्या अर्जाला ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण लागू पडली, फरक इतकाच की आम्ही अंगणाच्या मालकाला पंधरा दिवसांची मुदत दिली होती.

तेव्हा प्रश्न असा: दोष कोणाचा?

कारण शोधू गेलो तर दोन्ही बाजू तितक्याच सबळ आहेत. शेजारी बोलले नसते तर आवाज आला नसता, हे खरे. आमची तार सतरा फुटांची नसती तर आवाज आला नसता, हेही तितकेच खरे. व्यत्यय हा टाळीसारखा आहे, त्यास दोन हात लागतात. परंतु हललेला हात आपण पाहतो आणि स्थिर राहिलेल्या हाताला निर्दोष समजतो.

या पेचावर अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोझ यांनी जो विचार मांडला तो रेडिओलहरींवरूनच त्यांना सुचला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५९ साली अमेरिकेतील रेडिओ-नियमनावर लिहिलेल्या लेखात त्यांनी लहरींच्या व्यत्ययाचा प्रश्न घेतला आणि १९६० च्या ‘सामाजिक खर्चाची समस्या’ या अर्थाच्या शीर्षकाच्या प्रसिद्ध निबंधात त्याला व्यापक रूप दिले. १९९१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले त्यामागे या विचाराचा मोठा वाटा होता. त्यांचे म्हणणे असे की ‘अ’ने ‘ब’चे नुकसान केले, आता ‘अ’ला कसे रोखावे, असा प्रश्न आपण मांडतो तोच चुकीचा. ‘अ’ला रोखणे म्हणजे ‘अ’चे नुकसान करणे. इजा परस्पर असते. खरा प्रश्न हा की कोणते नुकसान टाळणे अधिक श्रेयस्कर. उदाहरण म्हणून त्यांनी १८७९ चा एक इंग्रजी खटला घेतला. लंडनमध्ये एका हलवायाच्या स्वयंपाकघरात वीस वर्षांहून अधिक काळ खलबत्ते चालत होते. शेजारच्या डॉक्टरांनी आपल्या बागेच्या टोकाला, हलवायाच्या भिंतीलगत, रुग्णतपासणीची खोली बांधली आणि मग त्यांना खलबत्त्याचा आवाज असह्य झाला. न्यायालयाने डॉक्टरांच्या बाजूने कौल दिला. कोझ म्हणतात, डॉक्टरांनी खोली तेथे बांधली नसती तर त्रास झालाच नसता. मग एकट्या हलवायाला कारण का ठरवावे?

याच्या दहा वर्षांनंतरचा, १८८९ चा, आणखी एक इंग्रजी निवाडा आम्हांस आमच्या ध्वनिवर्धकाच्या अधिक जवळचा वाटतो. एका घरमालकाने तळघरात आपल्या धंद्यासाठी उष्णता निर्माण केली, वरच्या मजल्यावर भाडेकरूने तपकिरी कागद साठवला होता, तो सुकून वजनाला घटला. न्यायाधीशांनी भाडेकरूची मागणी फेटाळली. साध्या मालाला त्या उष्णतेने काही झाले नसते, असाधारण नाजूक वस्तू बाळगणाऱ्याने शेजाऱ्याच्या सामान्य व्यवहारावर बंधन घालू नये, असा त्याचा आशय. अलीकडे २००४ साली इंग्लंडच्याच अपील न्यायालयापुढे रेल्वेच्या सिग्नलयंत्रणेमुळे एका ध्वनिमुद्रणगृहातील विद्युत्‌ गिटारांत व्यत्यय येत असल्याचा दावा आला. रेल्वेला हा परिणाम आधी कळण्याजोगा नव्हता, म्हणून ध्वनिमुद्रणगृहाचा मालक हरला. सव्वाशे वर्षांचे हे निवाडे एका गोष्टीकडे बोट दाखवतात: जो सहन करतो त्याच्या सहनशक्तीलाही मोजमाप असते.

येथवर पोचल्यावर आमच्यातला तर्कशास्त्री समाधान पावला, परंतु माणूस अस्वस्थ झाला. कारण नाजूक वस्तूचा हा न्याय सर्वत्र लावला तर त्याची झळ कोणाला लागेल? बूस्टर स्वस्तातला का होता? ज्या घरात महिन्याअखेर उसनवारी चालते, त्या घराने दोन वर्षे पैसे साठवून संच घेतला आणि राहिलेल्या पैशांत मिळाला तो बूस्टर बसवला. तो कच्चा होता हे त्या घराला सांगणार कोण? कोझ यांच्या मांडणीत दोन शेजारी एकत्र बसून सौदा करतात आणि ज्याला जे अधिक मोलाचे ते त्याला मिळते. परंतु मोल जर पैशात मोजायचे तर ज्याच्याकडे पैसा नाही त्याचे मोल नेहमीच कमी भरते. ज्याच्या घरी एकच संच आहे त्याची रविवारची सकाळ आणि ज्याच्याकडे देशोदेशी बोलण्याचे साधन आहे त्याची रविवारची सकाळ यांची तुलना कोणत्या तराजूत करावी? स्वतः कोझ यांनीही हे बजावले होते की सौदा करण्यालाच खर्च येतो आणि प्रत्यक्ष जगात तो नगण्य नसतो. आमच्या वसाहतीत हा खर्च पैशाचा नव्हता. तीन घरे ओलांडून एका अनोळखी माणसाच्या दारावर थाप मारण्याचा होता, आणि तो एकोणिसांपैकी एकानेही केला नाही.

शिवाय या वादात एक तिसरा पक्ष होता आणि तो कोणाच्याच नजरेस येत नव्हता. संच बनवताना त्यात चार पैशांची गाळणी बसवली असती तर तीन घरांपलीकडचा माणूस तीन घरांपलीकडेच राहिला असता. ती बसवायची नाही असे कोणीतरी कारखान्यात ठरवले आणि त्या बचतीचे भांडण आमच्या गल्लीत पाठवून दिले. इतर देशांत ही गोष्ट उशिराने का होईना ओळखली गेली. अमेरिकेच्या काँग्रेसने १९८२ साली कायदा करून घरगुती उपकरणांच्या अशा प्रतिकारशक्तीबाबत मानके ठरविण्याचा अधिकार तेथील दूरसंचार आयोगास दिला. युरोपीय समुदायाने १९८९ च्या निर्देशाने प्रत्येक विद्युत्‌ उपकरणावर दोन अटी घातल्या: त्याने इतरांना उपद्रव देऊ नये, आणि इतरांचा वाजवी उपद्रव सोसण्याची शक्ती त्याच्यात असावी. ही दुसरी अट आम्हांस केवळ तांत्रिक वाटत नाही. शेजारधर्माची व्याख्या करायला सांगितली तर आम्ही हीच दोन कलमे लिहू.

हौशी रेडिओचालकांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो, त्याचा येथे विचार करणे भाग आहे. आपत्काळी तारा तुटतात, मनोरे कोसळतात, तेव्हा हॅमच कामी येतात, म्हणून त्यांचा थोडा उपद्रव सोसावा, असा तो युक्तिवाद. त्यातील वस्तुस्थिती खरी आहे. जानेवारी २००१ मध्ये भूजच्या भूकंपानंतर हॅमनी निरोप पोचवले. २००४ च्या डिसेंबरात आमच्याच हैदराबादेतील, १९८३ साली स्थापन झालेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओ या संस्थेचे पथक अंदमानात होते. सारे जग त्या बेटांवरच्या दुर्मीळ संकेतासाठी कान लावून बसले असताना २६ तारखेला त्सुनामी आली. श्रीमती भारती प्रसाद यांनी छंदासाठी नेलेल्या त्याच यंत्रावरून पोर्ट ब्लेअरची खबर मुख्य भूमीपर्यंत पोचवली. त्या दिवसांत आम्हांसही आमच्या जुन्या अर्जाची आठवण होऊन मान खाली घालावीशी वाटली.

तरीही हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. जो माणूस उपयोगी पडेल म्हणून त्याला सोसायचे, त्याला आपण माणूस म्हणून सोसलेले नसते. उद्या उपग्रह-दूरध्वनी सर्वांच्या खिशात आले आणि हॅमची गरज उरली नाही, तर मग त्यांचा खांब उतरवायचा काय? शेजारच्या मुलीने पेटीवर सूर घोटावेत, कोणी पहाटे पूजेची घंटा वाजवावी, कोणी रात्री उशिरा लिहीत दिवा जाळावा, यांतले काहीही पुरात किंवा भूकंपात उपयोगी पडणारे नाही. या क्षुल्लक गोष्टींना जागा असणे यालाच आपण वस्ती म्हणतो. अन्यथा ती छावणी होते. आणि ‘निरुपयोगी’ हा शिक्काही जपून मारावा. १९१२ साली अमेरिकेने कायदा करून हौशी लोकांना दोनशे मीटरहून आखूड लहरींत ढकलले, कारण त्या लहरी तेव्हा कुचकामी समजल्या जात. १९२१ च्या डिसेंबरात याच हौशांचे आखूड लहरींवरचे संकेत अटलांटिकपलीकडे स्कॉटलंडमध्ये ऐकू आले आणि १९२३ साली फ्रान्स व अमेरिका यांच्यातील हौशांचे दुतर्फा संभाषण झाले. कचऱ्याच्या ढिगावर हाकललेल्यांना तेथे रत्न सापडले. परंतु ते सापडले नसते तरी त्यांना हाकलणे योग्य ठरले असते असे नाही.

मग कर्तव्याचा पाया कोणता? कारणात तो नाही, कारण कारण दोन्हीकडे वाटलेले आहे. कायद्यात पूर्णपणे नाही, कारण आमच्या शेजाऱ्यांचा परवाना वैध होता, प्रक्षेपक स्वच्छ होता, कायद्याने त्यांना आमच्या ओसरीची पायरी चढण्याचे काहीच कारण नव्हते. तरी ते आले. आम्ही पुढे त्यांना विचारले तेव्हा त्यांनी हॅमच्या आचारसंहितेचा उल्लेख केला. पॉल सीगल नावाच्या एका अमेरिकी हॅमने १९२८ मध्ये ती लिहिली आणि तिचे पहिलेच कलम दुसऱ्याचा विचार करण्याविषयी आहे: आपल्यामुळे दुसऱ्याच्या आनंदात उणेपणा येत आहे हे जाणूनबुजून हॅमने काही करू नये. या कलमात आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटला तो ‘जाणूनबुजून’ हा शब्द. कर्तव्य जाणण्यापासून सुरू होते. त्या रविवारी गल्लीत आवाजाचे कारण समजू शकेल असा एकच माणूस होता. फेराइटचे कडे म्हणजे काय हे त्यालाच ठाऊक होते. म्हणून निर्दोष असूनही पहिले पाऊल त्याचे होते. ज्याला कळते त्याच्यावर अधिक येते, ही वाटणी अन्यायाची वाटेल, परंतु घरात आजारी माणूस असला की आपण तीच स्वीकारतो. नाडी ज्याला कळते तो उठतो.

याचा अर्थ न कळणारे सुटले असा नव्हे. आम्हांस रेडिओशास्त्र ठाऊक नव्हते, हा दोष नव्हता. आम्हांस ते ठाऊक नाही हे ठाऊक असूनही आम्ही ‘हेतुपुरस्सर’ लिहिले, हा दोष होता. अज्ञान क्षम्य असते, परंतु जे अज्ञान तीन घरे चालत गेल्याने दूर होणार होते आणि जे आम्ही सोयीचे म्हणून जपले, ते क्षम्य नव्हे.

या प्रकरणाचा उत्तरार्ध घडायला बत्तीस वर्षे लागली. मधल्या काळात त्या अर्जाविषयी आमच्यात आणि त्यांच्यात शब्दही झाला नव्हता. ‘रामायण’ संपेपर्यंत त्यांनी रविवारी सकाळी प्रक्षेपक बंद ठेवला. तो त्यांनी ठेवू नये, बूस्टर आता दुरुस्त झाले आहेत, असे त्यांना कोणी सांगितले नाही. समितीने खांबाची सूचना पुढे रेटली नाही आणि मागेही घेतली नाही. दूरदर्शनची ती जुनी जमिनीवरची प्रक्षेपणेही पुढे काळाच्या ओघात जवळजवळ सर्व बंद झाली. २०१९ च्या पावसाळ्यात आम्ही घरातले सारे दिवे बदलून एलईडीचे स्वस्त दिवे बसवले. वीज वाचली, आम्ही आनंदात होतो. सहा महिन्यांनी त्यांच्या पत्नींनी बोलता बोलता आमच्या घरी सांगितले की हल्ली ते संध्याकाळी यंत्राशी बसतात आणि लगेच उठतात, नुसती गुरगुर ऐकू येते म्हणतात.

या वेळी आम्ही तीन घरे चालत गेलो. वय ऐंशीच्या घरात गेलेल्या त्या गृहस्थांनी बॅटरीवरचा लहान रेडिओ हाती घेतला आणि आमच्याबरोबर आमच्या अंगणात आले. रेडिओ गुरगुरत होता. आम्ही मेन स्विच खाली ओढला. घर अंधारले आणि रेडिओ शांत झाला. एलईडी दिव्याच्या बुडाशी वीजदाब बदलणारे एक छोटे मंडल असते, ते सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करते, आणि त्यात चार पैशांची गाळणी नसली तर घरातल्या तारांवाटे तो गोंगाट चहूकडे पसरतो. तीच गाळणी, तेच चार पैसे, आणि या खेपेला प्रक्षेपक आमचा होता. आमच्याकडे परवाना नव्हता, संकेतनाम नव्हते, गच्चीवर खांब नव्हता, म्हणून आमच्याविरुद्ध अर्ज करण्याचे कोणाच्या मनातही आले नव्हते. ‘आपला तो बाळ्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ या म्हणीत लहरींचाही समावेश होतो हे त्या अंधारात आम्हांस उमगले.

हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळले असणार. मग सांगितले का नाही, असे आम्ही विचारले. त्यांनी नेहमीच्या हिंदीत उत्तर दिले, “आपके घर का उजाला है. उसको बंद करो कैसे बोलना?”

हे उत्तर ऐकून डोळे पाणावले, हे कबूल करावयास हवे. तरीही निबंधलेखकाचे काम गहिवरून थांबण्याचे नाही. त्यांचे मौन सौजन्याचे होते, तरी ते पूर्णतः बरोबर होते असे आम्हांस वाटत नाही. त्यांना कारण ठाऊक होते आणि आम्हांस नव्हते. त्यांच्या मौनामुळे आम्ही सहा महिने अपराधी राहिलो आणि अपराध सुधारण्याची संधी आम्हांस मिळाली नाही. जो सोसतो आणि बोलत नाही तो शेजाऱ्याला त्याच्या कर्तव्यापासून वंचित ठेवतो. १९८७ साली आम्ही चौकशी न करता बोललो, २०१९ साली त्यांनी जाणूनही बोलण्याचे टाळले. पहिल्याची भरपाई दुसऱ्याने होत नाही. परंतु त्यांचे मौन आमच्या अर्जाने शिकवलेले होते, ही शंका आमच्या मनातून जात नाही. ज्या वस्तीत तक्रार म्हणजे एकोणीस सह्या आणि पंधरा दिवसांची मुदत, त्या वस्तीत शहाणा माणूस गुरगुर ऐकत बसणेच पसंत करील.

वैशेषिकांनी आकाश हे द्रव्य मानले आणि शब्द हा त्याचा गुण. ते एक आहे, विभू आहे, त्याचे तुकडे पडत नाहीत. घटाकाश आणि मठाकाश असे आपण व्यवहारापुरते म्हणतो. आधुनिक भौतिकशास्त्राने ते आकाश जसेच्या तसे स्वीकारलेले नाही, परंतु त्या कल्पनेतील एक गोष्ट आमच्या अनुभवास आली. ज्या माध्यमाला कुंपण घालता येत नाही, त्यात राहणाऱ्यांना हद्दीची भाषा फारशी कामाची नसते. १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे असा निर्वाळा दिला. सार्वजनिक म्हणजे जी सगळ्यांची आहे ती. अशा ठिकाणी माझा हक्क कोठे संपतो, एवढेच विचारून भागत नाही. माझ्या तारेतून काय बाहेर जाते आहे हे अधूनमधून दिवे मालवून पाहावे लागते.

आम्ही दिवे बदलले. जे बदलता आले नाहीत त्यांच्या तारांवर शेजाऱ्यांनी फेराइटची कडी चढवून दिली, आणि या वेळी वेढे आम्ही घेतले. तो जुना अर्ज समितीच्या कपाटात असावा. तो शोधून त्यातले विशेषण खोडण्याचे आमच्या मनात आहे. ते खोडल्यावर वाक्यात ‘ढवळाढवळ’ हा शब्द उरेल, आणि तोही बदलावा लागेल.